टाचणीची घट्ट पँट

बाजारातल्या एका अरुंद जिन्यानं वर गेलं की डाव्या हाताला एक खोली लागते. दारावर पाटी आहे: ‘कपडे ऑल्टर करून मिळतील’. त्याखाली कुणा हौशी गिऱ्हाइकानं खडूनं ‘वेळेवर’ असं लिहून ठेवलं होतं, ते मालकीणबाईंनी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. उगाच खोटी जाहिरात नको.

“नवं शिवायचं असेल तर खाली ढिगानं शिंपी बसलेत,” असं त्या दारातच ऐकवतात. “त्यांनी केलेल्या घाणीवर आमचं पोट चालतं.”

लांब पँटी आखूड होतात, आखूड बाह्या लांब होतात, आणि लग्नातल्या कोटात आता मावत नसलेल्या गृहस्थांची अब्रू कमरेत बोटभर सैल करून मिळते. तेही “कपडा आटलाय हो” असं गृहस्थांचं म्हणणं मान डोलावून ऐकून घेऊन. कपडा आटतो, माणूस कधी फुगत नाही, हा या धंद्याचा पाया आहे.

मालकीणबाई म्हणजे नणंद. कापायचं टेबल, इस्त्री आणि तोंड ही खाती त्यांच्याकडे. मशीन भावजयीकडे. भावजय लग्न होऊन आली तेव्हा अंगानं काडी होती आणि बोलताना, हसताना, भांडतानासुद्धा ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून नणंदेनं तिचं नाव ‘टाचणी’ ठेवलं. पुढं औषधांनी टाचणीची चांगली गुबगुबीत उशी झाली, पण नाव तेच राहिलं. “आम्ही कपडे ऑल्टर करतो,” नणंद म्हणायची, “नावं नाही.”

टाचणीचं दुखणं बोटांपासून सुरू झालं. हातानं काम करणाऱ्या बाईची बोटं दुखली तर त्याकडं कुणी लक्ष द्यावं असा नियम अजून झालेला नाही, त्यामुळं कुणी दिलं नाही. सकाळी मूठ वळत नाही म्हणाली, तर नवरा म्हणाला, “बरं झालं, भांडताना तेवढीच सोय.” मग बारीक ताप यायला लागला. मग एका गालावरून नाकावर आणि नाकावरून दुसऱ्या गालावर अशी लालभडक नक्षी उमटली, आणि तेव्हा मात्र सगळ्यांचं लक्ष गेलं.

“काय तेज आलंय गं चेहऱ्यावर!” गिऱ्हाइकं म्हणाली.

मावससासूबाईंनी तर कोपरानं ढोसून विचारलं, “गोड बातमी आहे वाटतं?”

बातमी होती, पण गोड नव्हती. ल्युपस. सांध्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं की अंगाचं रक्षण करायला ठेवलेल्या पेशींचं डोकं फिरतं आणि त्या स्वतःच्याच अंगावर धावून जातात. टाचणीनं घरी येऊन ते नणंदेला जसंच्या तसं सांगितलं.

“म्हणजे घरचेच घरच्यांच्या जिवावर उठतात,” नणंद इस्त्री आपटत म्हणाली. “मग त्याला एवढं परदेशी नाव कशाला ठेवलंय?”

ल्युपसला अंगातली कुठलीच खोली परकी नसते. टाचणीच्या सांध्यांत तो राहून आला, कातडीवर फिरून आला, एका वर्षी मूत्रपिंडात मुक्काम ठोकला. त्याच्या मागोमाग डॉक्टर वाढत गेले. मूत्रपिंडवाले वेगळे, कातडीवाले वेगळे. गोळ्यांचा डोळ्यांवर परिणाम होतोय का ते बघणारे वेगळे. प्रत्येक जण आपल्या वाट्याचा अवयव तपासायचा, “आमच्याकडून ठीक आहे” म्हणायचा आणि पुढच्या दाराकडं बोट दाखवायचा. आख्खी बाई मात्र कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. ती डॉक्टरीणबाईंनी आपल्याकडं ठेवून घेतली होती, एवढंच तिचं नशीब.

“दुखायचं थांबलं म्हणजे आजार थांबला असं समजू नका,” डॉक्टरीणबाई प्रत्येक खेपेला सांगायच्या. “वरून सगळं शांत दिसतं तेव्हाही आत नुकसान साठत जातं. विशेषतः हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं. सूज मला औषधानं उतरवता येते, पण झालेलं नुकसान परत भरून देता येत नाही. म्हणून अंगात पाणी धरायला लागलं की मला लगेच कळलं पाहिजे. सोपी खूण सांगते. कमरेत कपडे घट्ट व्हायला लागले, की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता यायचं. जीव वाचेल तो त्या घाईनं वाचेल.”

“येईन की,” टाचणी म्हणाली. शेजारी नवरा बसला होता. तो फोनमध्ये बघून गंभीरपणे मान हलवत होता, त्यामुळं डॉक्टरीणबाईंना वाटलं दोघांनीही ऐकलं.

खूण चोख होती. लाखो बायकांना ती उपयोगी पडली असती. पण समोर बसलेल्या बाईचे कपडे आजवर कधी घट्टच झाले नव्हते, हे बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना कसं कळावं?

त्याचं असं होतं. चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडं जादा कापड दुमडून ठेवतो. त्याला माया म्हणतात. पुढंमागं माणूस वाढला तर शिवण उसवायची, मायेतलं थोडं कापड सोडायचं आणि नवी शिवण मारायची. टाचणीच्या सगळ्या पँटींना मागच्या शिवणीत अशी भरपूर माया होती. दुपारी नणंद जेवून टेबलाखाली आडवी झाली, की टाचणी पडद्यामागं जायची, अंगातली पँट उतरवून जुनी चढवायची, उतरवलेली सूतभर उसवायची, मशीनखाली घालायची आणि पुन्हा चढवायची. त्यात विचार नव्हता. दुसऱ्या बायका जाता जाता पदर सारखा करतात, तेवढंच ते. हाताला कापड घट्ट लागलं की हात आपोआप उसवायला जायचा. हाताचं ते कामच होतं. त्यानं डॉक्टरीणबाईंचं कधी ऐकलं होतं?

त्यामुळं प्रत्येक खेपेला प्रश्न यायचा, “कपडे घट्ट होतायत?”

आणि टाचणी अगदी खरं सांगायची, “छे हो. कमरेत तर दोन बोटं जातात.”

पायांचं म्हणाल, तर पाय सुजत होते. पण मशीनवर बसणाऱ्या कुणाचे सुजत नाहीत? मोज्यांचं इलॅस्टिक रुतायला लागलं तर तिनं ते कातरून टाकलं. बुटांना काही करता येईना, म्हणून चपला घातल्या. जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायला लागलं, तर तिथं भिंतीवर दातांच्या डॉक्टरची जाहिरात होती, ती वाचायला लागली. वाचून वाचून तिला किडलेल्या दाढेबद्दल सगळं कळलं. हृदयाच्या डॉक्टरनं तिथं जाहिरात लावली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती.

आणि समजा, मनाच्या कोपऱ्यात कुठं शंका आलीच, तरी ती बोलून दाखवण्यात टाचणीचा काही फायदा नव्हता. मूत्रपिंडाच्या वेळी तिनं खरं सांगून बघितलं होतं. घरच्यांनी तिला ‘विश्रांती’ दिली. म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात बसवून बटणं रंगाप्रमाणं वेगळी करायला दिली, आणि तिच्या मशीनवर एक पगारी बाई आणून बसवली. त्या बाईची सरळ शिवण अशी वळायची, जशी काही वाटेत कुणी ओळखीचं भेटलंय. टाचणी दिवसभर बटणं वेचत तो खटखटाट ऐकत बसली होती. तेव्हाच तिनं ठरवलं होतं की मरायचं झालं तर मशीनवर, पण बटणांत नाही.

मरायची वेळ तशी फार लांब नव्हती, हे तिला ठाऊक नव्हतं इतकंच.

एका दुपारी नणंदेची डुलकी लवकर मोडली. खाली कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसला होता. त्याला खिडकीतून त्याच्या खानदानासकट आशीर्वाद देऊन नणंद इस्त्रीकडं वळली. दारात एक काका आपला कोट घ्यायला येऊन उभे होते. ढिगातली वरची पँट तिनं उचलली, उलटी केली आणि मागच्या शिवणीवर पाणी शिंपडता शिंपडता थांबली.

“हे कुठल्या गाढवाचं काम?”

मशीनचा आवाज बंद झाला.

“टाचणे, बघ की हे. शिवणीशेजारी सुयांच्या भोकांची ओळ, तिच्याशेजारी दुसरी ओळ, तिच्यापलीकडं आणखी. इतक्यांदा उसवलीय की कापडाची चाळण झालीय. एकदाच काय ती सैल करायची सोडून रोज थोडी थोडी कुणी केलीय? गिऱ्हाईक कोण?”

टाचणी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत एकेक खोचायला लागली.

“काहीतरी विचारलंय मी.”

“माझीच आहे, वन्सं.”

“आणि गाढव?”

“तेही मीच.”

नणंद हसायला हवी होती. एरवी हसली असती. तिनं पँट खिडकीशी नेली आणि शिवण उजेडात ताणून धरली. “हा राखाडी दोरा,” ती म्हणाली. “हे रीळ तर आपण आत्ता आणलंय. आधीचा काळपट होता. म्हणजे हे सगळं आत्ताचं.”

“गोळ्यांनी अंग धरलंय जरा.”

“गोळ्या कधीपासून घेतेस? वर्षानुवर्षं. त्या बऱ्या आत्ताच लगबगीनं उठल्या?” तिनं गळ्यातली टेप काढली. “ऊठ. उभी राहा.”

“वन्सं, काका आहेत दारात.”

“काका, तोंड तिकडं करा.”

काकांनी गुमान तोंड तिकडं केलं. नणंदेनं टेप टाचणीच्या कमरेभोवती घातली, बघितली, पुन्हा घातली. आयुष्यभर मापं घेतलेल्या बाईला एकच माप दोनदा घ्यावं लागत होतं. मग ती खाली बसली, टाचणीचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यावर अंगठा दाबून उचलला. तिथं खळगा पडला. तसाच राहिला. ओल्या कणकेत बोट रोवावं तसा.

“जिना चढताना धाप लागते?” खालूनच तिनं विचारलं.

“थोडी.”

“रात्री उशा किती घेतेस?”

आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं म्हणून ती हल्ली जवळजवळ बसूनच झोपायची. नवऱ्याला वाटत होतं, बायकोला उशांचा सोस लागलाय.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? खरं सांग.”

“कपडे घट्ट झाले की या म्हणाल्या होत्या.”

“मग?”

“झालेच नाहीत.”

नणंदेनं डोळे मिटून घेतले. बराच वेळ तिनं काही शिवी दिली नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे हे काकांनाही कळलं. “माझा कोट नंतर नेतो,” ते भिंतीला म्हणाले आणि गेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारण्याआधीच नणंदेनं पिशवी उपडी केली. टेबलावर पँटींचा ढीग पडला, सगळ्या उलट्या केलेल्या.

“ह्या बघा,” ती म्हणाली. “ही बाई तुमच्याशी खोटं बोललेली नाही. नुसती मूर्ख आहे.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून भोकांवरून बोट फिरवलं. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर. मग त्या टाचणीकडं बघत राहिल्या. “इतक्या वेळा,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही माझ्याकडं यायला हवं होतंत.”

पुढचं सगळं भराभर झालं. हृदयाभोवती पाणी साठलं होतं. हृदयाचा पंप थकला होता. रक्तवाहिन्या अशा चिंचोळ्या झाल्या होत्या की कागद कुणा म्हातारीचे असणार असं धरून हृदयवाल्या डॉक्टरांनी आधी हिच्या आईला आत पाठवायला सांगितलं. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. चाळिशीची टाचणी स्वतःच आत गेली आणि म्हणाली, “माझ्याच आहेत त्या. आईच्या बऱ्या होत्या.”

“बाईमाणसाला या वयात हृदयाचं काही होत नाही,” असं मावससासूबाई भेटायला आल्या तेव्हा खात्रीनं म्हणाल्या. “गॅस असणार.”

“हो,” नणंद म्हणाली. “त्यासाठीच तिला नळ्या लावल्यात. गॅस भरायला.”

नवरा बाहेरच्या बाकावर बसला होता. नणंद त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “घट्ट कपड्यांचं सांगितलं तेव्हा तू शेजारी होतास म्हणे.”

“होतो ना ताई.”

“कुठं?”

त्यानं फोन खिशात घातला. तेव्हापासून दवाखान्यात तो फोन काढत नाही, आणि डॉक्टर बोलत असताना इतक्या जोरात मान हलवतो की त्यांना बोलायचं थांबावं लागतं.

पाणी उतरलं. टाचणी बारीक झाली, आणि लोक म्हणाले, “अरेरे, किती खराब झालीस! मागं कशी छान भरली होतीस.” घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मात्र तिनं या वेळी नीट ऐकलं. हृदयाचं गेलं ते गेलं. शिवण उसवता येते, पण सुईची भोकं कापडात राहतात, हे या बाईला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. उरलंय ते टिकवायचं होतं. मीठ कमी करून, गोळ्या न चुकवता, आणि पाणी परत धरलं की पळत येऊन. पुढच्या खेपेला हृदय एवढी वाट बघेलच असं नाही.

“आता बटणं वेचायची ना?” टाचणीनं घरी आल्यावर विचारलं. आवाज असा, की फाशीची तारीख विचारतेय.

“बटणं वेचायला अक्कल लागते,” नणंद म्हणाली. “सरक. माप घेऊ दे.”

नणंदेनं वर्षानुवर्षांनंतर नवं काही शिवलं. जाड, न ताणणाऱ्या कापडाची एक पँट. कमरेत अगदी नेमकी, श्वास घेता येईल आणि वर काही नाही. शिवण मारून झाल्यावर तिनं मोठी कात्री घेतली आणि आतली सगळी माया शिवणीलगत कापून टाकली. टाचणी कळवळली. कापडाशी असं कुणी वागतं?

“आता उसव बघू,” नणंद म्हणाली. “उसवलीस तर पँट नाही, चिंध्या हातात येतील. रोज सकाळी माझ्यासमोर ही घालायची. हुक लागला की मशीन तुझी. नाही लागला की त्याच पावली दवाखाना. मशीनवर दुसरं कुणी बसणार नाही, तू परत येईपर्यंत मीच बसेन. कबूल?”

“तुम्हाला सरळ शिवण येते, वन्सं?”

“तुझ्या आधी ही मशीन कोण चालवत होतं, तुझा बाप?”

तेव्हापासून रोज दुकान उघडलं की पडद्यामागं हा सोहळा होतो. बाहेरून नणंद विचारते, “लागला?” आतून टाचणी म्हणते, “लागला.” पण नणंद तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही, पडदा सारून बघते, हुकाला नख लावून बघते, मग पोटाला चिमटा घेऊन “पोट आत ओढू नकोस, फोटो काढायचा नाहीये” म्हणते. एकदोनदा पडद्याच्या चुकीच्या बाजूला गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं बाहेर जाऊन काय सांगितलं असेल ते असो.

असे बरेच महिने बिनबोभाट गेले. मग शाळा सुरू व्हायचा हंगाम आला. वर्षभरात इंच इंच वाढलेल्या पोरांच्या गणवेशांचा ढीग छताला टेकला. जिन्यावर आया उभ्या, त्यांच्या मागं आणखी आया. आणि त्याच सकाळी पडद्यामागं टाचणीच्या हातात हुक आणि त्याची कडी यांच्यामध्ये बोटाएवढं अंतर उरलं. तिनं श्वास सोडून बघितला. वाकून बघितलं. अंतर तेवढंच.

माया कापलेली होती, शिवण सैल करायची सोय नव्हती. पण नणंद एक गोष्ट विसरली होती. हुक सरकवता येतो. त्याला माया लागत नाही. चार टाके उसवायचे, बोटभर पुढं लावायचा, दोन मिनिटांचं काम. सुई टाचणीच्या कॉलरला टोचलेलीच होती, राखाडी दोरा ओवून. बाहेर आयांचा गलका चालला होता. या गर्दीत एक दिवस इकडचा तिकडं झाला तर काय बिघडणार होतं? उद्या सांगता आलं असतं. ढीग उपसला की सांगता आलं असतं.

“लागला?” बाहेरून नणंदेनं विचारलं. हातात चार गणवेश होते, त्यामुळं पडदा सारायला ती आज आली नाही.

टाचणीचा हात आपोआप कॉलरकडं गेला. त्याला सवयच ती. सुई त्यानं काढलीसुद्धा. मग तिनं दुसऱ्या हातानं तो हात धरला, अगदी चोराचा धरावा तसा.

“वन्सं,” ती म्हणाली. “नाही लागला.”

गलका चालूच राहिला, पण टेबलावर गणवेश टाकल्याचा आवाज आला. पडदा सरकला. नणंदेनं अंतर बघितलं, मग टाचणीच्या हातातली सुई बघितली, मग पुन्हा हुक बघितला. आपण काय विसरलो होतो ते तिच्या तेवढ्यात लक्षात आलं.

“सरकवता आला असता की,” ती म्हणाली.

“हो ना. आत्ताच सुचलं.”

“मला सुचलं नव्हतं.” नणंदेनं खाली बघितलं. “म्हातारी झाले मी.”

मग तिनं उशीतली मोठी सेफ्टीपिन उपसली आणि पँटीची दोन टोकं न ओढता, मधलं अंतर आहे तसं ठेवून पिन लावली. “हे असंच राहू दे. डॉक्टरीणबाईंना दिसू दे किती फरक पडलाय तो. चल.”

दारातल्या आया तडकल्या. “अहो ताई, उद्या शाळा आहे! दुकान कसलं बंद करताय? एवढ्या गर्दीत?”

“पोरांना सांगा, एक दिवस वाढायचं थांबा,” नणंद कुलूप लावत म्हणाली. “आणि जिन्यातून बाजूला व्हा. हिला मधल्या वळणावर थांबायचंय. तिथं दातांची जाहिरात आहे, ती वाचल्याशिवाय ही पुढं जात नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पिन बघितली, पाय बघितले, छातीला यंत्र लावून बराच वेळ ऐकलं. मग पाण्याची गोळी वाढवली, रक्त काढायला सांगितलं, उद्या परत बोलावलं. “या वेळी भरती करावं लागणार नाही,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीलाच आलात. शाबास.”

शाबासकी कुणाला होती ते त्यांनी सांगितलं नाही. नणंदेनं ती स्वतःच्या नावावर घेतली आणि परतीच्या वाटेवर भावजयीला मुळीच वाटा दिला नाही. दुकानात येऊन तिनं टाचणीला खुर्चीत बसवलं, स्वतः मशीनवर बसली आणि पहिल्याच गणवेशाच्या बाहीत पाय अडकवल्यासारखी शिवण वळवली.

“वन्सं,” टाचणी खुर्चीतून म्हणाली, “ओळखीचं कुणी भेटलं का वाटेत?”

“बटणं वेच,” नणंद म्हणाली.